‘ओल्ड येलर’ मुलाला पूर्ण दाखवावा, की शेवटाआधी थांबवावा?

सायली_नाशिक

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय, कारण रविवारी घरात हा सिनेमा लागणार आहे.

भावाने अमेरिकेहून येताना ‘ओल्ड येलर’ची डीव्हीडी आणली. डिस्नेचा १९५७ चा सिनेमा. माझा मुलगा ईशान आठ वर्षांचा आहे. आमच्याकडे शेरू नावाचा गावठी कुत्रा आहे. ईशानच्या पायाशी झोपतो, शाळेची व्हॅन कोपऱ्यावर वळली की फाटकाशी जाऊन उभा राहतो. मामाने ईशानला सांगून ठेवलंय, “तुझ्या शेरूसारख्याच कुत्र्याचा पिक्चर आहे.” तेव्हापासून पोरगं रोज विचारतंय.

मी आधी एकटीने पाहून घेतला. ज्यांना शेवट कळायला नको असेल त्यांनी पुढे वाचू नका.

१८६० च्या दशकाच्या अखेरचं टेक्सास. बाप गुरं विकायला कॅन्ससला निघून जातो. घरी आई, थोरला ट्रॅव्हिस आणि धाकटा आर्लिस. एक दांडगा पिवळा कुत्रा, तोच येलर, कुठून तरी येतो, टांगलेलं मांस पळवतो. ट्रॅव्हिस त्याला हाकलायला बघतो, आर्लिस त्याच्या गळ्यात पडतो. मग तो कुत्रा आर्लिसला अस्वलापासून वाचवतो, रानडुकरं ट्रॅव्हिसवर तुटून पडतात तेव्हा मधे पडून स्वतः रक्तबंबाळ होतो. पुढे आईवर धावून आलेल्या पिसाळलेल्या, म्हणजे रेबीज झालेल्या लांडग्याशी झुंजतो आणि त्यात येलरला चावा बसतो. आई म्हणते आताच गोळी घालायला हवी. ट्रॅव्हिस गयावया करतो, म्हणून येलरला मक्याच्या कोठारात कोंडून ठेवतात. बरेच दिवस बरं चालतं. एके दिवशी ट्रॅव्हिस खाणं घेऊन जातो आणि येलर त्याच्यावरच दात विचकतो. शेवटी ट्रॅव्हिस स्वतःच्या हाताने गोळी घालतो.

नवरा म्हणतो, कोठारात ठेवला की बंद कर आणि सांग बरा झाला म्हणून. सासूबाई म्हणतात, सुट्टीच्या दिवशी पोराला रडवायचं कशाला. मला दोन्ही पटत नाही, पण माझी भीती वेगळीच आहे. दुसऱ्या दिवशी शेरू हाडावरून जरा गुरगुरला, तर ईशानच्या मनात काय येईल? स्वतःच्याच कुत्र्याला घाबरायला लागला तर?

ज्यांनी मुलांना दाखवलाय त्यांनी सांगा, प्लीज.

अनिकेत_डोंबिवली

माझं मत: आत्ता नको. दहा-अकराचा होऊ दे. आमच्या थोरलीला आम्ही सातव्या वर्षी दाखवला होता, ती रात्री उठून आमच्या खोलीत येऊन बसली.

त्याऐवजी आधी ‘लॅसी कम होम’ दाखवा. १९४३ चा आहे, पण रंगीत आहे. यॉर्कशायरमधलं गरीब घर पैशांसाठी आपली कॉली कुत्री एका उमरावाला विकतं, तो तिला स्कॉटलंडला नेतो आणि तिथून ती शेकडो मैल चालत त्या मुलाकडे परत येते. डोळे पाणावतात, पण शेवटी ती शाळेच्या दाराशी उभी असते. एलिझाबेथ टेलर त्यात लहान मुलगी आहे, ती ओळखता येते का हा घरातल्या मोठ्यांसाठी वेगळा खेळ. आणि ईशानला सांगा की लॅसीचं काम केलेला कुत्रा नर होता, पॅल नावाचा. मुलांना हे फार आवडतं.

शिवाय पॅलला शिकवणारा रड वेदरवॅक्स आणि ‘ओल्ड येलर’मधल्या कुत्र्याला शिकवणारा फ्रँक वेदरवॅक्स हे सख्खे भाऊ. येलर झालेल्या कुत्र्याचं नाव स्पाइक. तो कॅलिफोर्नियातल्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेला. या सिनेमानंतरही त्याने कामं केली. ‘ओल्ड येलर’ दाखवणारच असाल तर सिनेमा संपल्या संपल्या हे आधी सांगा.

गुरांचे_डॉक्टर

सायलीताई, दाखवा, आणि पूर्ण दाखवा. मधे थांबवू नका. “बरा झाला” असं तर मुळीच सांगू नका. अनिकेतरावांची काळजी खरी आहे, पण त्यांची लेक एकटी घाबरली असेल तर तिला आधी काय सांगितलं होतं यावर बरंच अवलंबून आहे.

माझी नोकरी सातारा जिल्ह्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत झाली, बराचसा काळ माण-खटावकडे. आता निवृत्त आहे. हा सिनेमा नातीबरोबर पाहिला. जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

आर्लिस कोठाराकडे जातो ती जागा पुन्हा लावून बघा. येलरचं काहीतरी बिनसलंय हे थोरल्याला कळून चुकलंय. आईला संशय आलाय. धाकट्याला मात्र कुणी धड काही सांगितलेलं नाही. त्याच्या लेखी आपला कुत्रा उगाच कोंडून घातलाय, म्हणून तो सरळ जाऊन दार उघडायला लागतो. आई धावत येऊन दार लोटते, म्हणून वाचतो. मला अख्ख्या सिनेमात गोळीपेक्षा ही जागा जास्त अंगावर येते. आर्लिसचं काम करणारा केविन कॉर्कोरन त्या वेळी साधारण तुमच्या ईशानच्याच वयाचा होता. तुमच्या यजमानांना एवढा प्रसंग दाखवा आणि विचारा, आपण ईशानला “बरा झाला” म्हणून सांगितलं, तर आपण कुणासारखं वागलो?

मी हे एवढ्या पोटतिडकीने का लिहितोय ते सांगतो. खटाव तालुक्यातल्या एका वस्तीवरून सकाळीच माणूस बोलवायला आला. गाय रात्रभर हंबरतेय, चारा खात नाही, तोंडातून लाळ गळतेय, घशात काहीतरी अडकलंय म्हणाला. मी गेलो तेव्हा गायीचा आवाज बसलेला होता. घोगरा, फाटका आवाज, पण हंबरणं थांबत नव्हतं. शेपटी उचलून कुंथत होती आणि मागचे पाय लटपटत होते. मालकाने अडकलेलं काढायला म्हणून कोपरापर्यंत हात तिच्या तोंडात घालून पाहिला होता. दातांनी मनगटावर खरचटलेलं होतं. बाईने पाणी पाजायचा प्रयत्न केला होता. मी सगळ्यांना आधी साबणाने हात धुवायला लावले आणि तसंच सरकारी दवाखान्यात पाठवलं, लशीसाठी. मग गोठ्याबाहेर उभी असलेली त्यांची पोर हळूच म्हणाली, “डॉक्टर, मागं एकदा कुत्रं आलतं गोठ्यात. गायीच्या नाकाला डसलं.” कधी, तर सुगीच्या आधी. घरात का नाही सांगितलंस, तर म्हणाली फाटक तिच्याकडून उघडं राहिलं होतं, मार बसला असता.

गाय पिसाळलेलीच होती, काही दिवसांत गेली. घरातली माणसं लस घेतल्यामुळे वाचली. त्या पोरीने त्याच दिवशी सांगितलं असतं तर गायीलाही चावल्यानंतरच्या लशीचे डोस देता आले असते. आणि हे एकाच घरचं नाही हो. कुत्रा चावलेली मुलं घरी लपवतात. कुत्र्याला दगड मारला होता, जाऊ नको म्हटलेल्या गल्लीत गेलो होतो, इंजेक्शन नको, कारणं तीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत संशयित पिसाळलेल्या जनावरांनी चावलेल्यांपैकी ४० टक्के मुलं १५ वर्षांखालची असतात. म्हणून हा रोग काय करतो हे मुलाला माहीत असलं पाहिजे, आणि घरी येऊन सांगितलं तर ओरडा बसणार नाही हेही त्याला पक्कं माहीत असलं पाहिजे. ‘ओल्ड येलर’ इतकं चांगलं निमित्त परत मिळायचं नाही.

आता सिनेमात रोग कसा दाखवलाय ते. बऱ्याच गोष्टी अचूक आहेत. लांडगा जळत्या आगीजवळ येऊन बायकांवर झडप घालतो, तेव्हा आई म्हणते की शुद्धीवरचा लांडगा आगीजवळ येणार नाही. बरोबर आहे. रानातलं जनावर माणसाला भ्यायचं सोडून देतं, ही मोठी खूण. आमच्याकडेही कोल्हा भरदिवसा वस्तीत शिरला आणि काठीला बिचकला नाही, की आम्ही सावध व्हायचो. ती आग कसली, तर रोझ नावाची त्यांची गाय पिसाळते, झोकांड्या खाते, तिला गोळी घालावी लागते आणि तिचं धूड जाळत असतात. तेही बरोबर. मेलेलं जनावर उघड्यावर टाकलं की कुत्री, कोल्ही लचके तोडणार. आपण खोल खड्ड्यात पुरतो.

येलर चावल्यावर बरेच दिवस ठणठणीत दिसतो, हेही खरं आहे. हा विषाणू लाळेतून जखमेत जातो आणि नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. मेंदूत पोचला की कुत्र्याचा स्वभाव पालटतो. मालक ओळखू येत नाही, हाक कळत नाही. ईशानला हे साध्या शब्दांत सांगा: येलरला ट्रॅव्हिसचा राग आला नव्हता, त्याच्या मेंदूला आजार झाला होता. मुलांना सगळ्यात जास्त हेच लागतं, की एवढा जीव लावणारा कुत्रा आपल्यावर उलटला कसा.

सिनेमा एक गोष्ट सांगत नाही, सांगूही शकत नाही, कारण ती तेव्हा नव्हतीच. लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस दिली ती जुलै १८८५ मध्ये. गोष्ट त्याच्या दीड दशक आधीची. त्या घरापुढे खरोखर दुसरा उपाय नव्हता. आज आहे, आणि म्हणून शेरू आणि येलर यांच्यात मोठा फरक आहे. हे सिनेमा सुरू करायच्या आधीच सांगून टाका, नंतर नको. शेरूच्या लशीचं कार्ड काढून ईशानच्या हातात द्या. त्यावरची तारीख त्याला वाचू दे.

आणि हाडावरून गुरगुरणं. ते निरोगी कुत्र्याचं बोलणं आहे: माझ्या खाण्याला हात लावू नको. ईशानने मागे सरावं, एवढंच. पिसाळलेला कुत्रा वेगळा दिसतो. लाकूड, दगड, साखळी, समोर येईल त्याला चावतो, उगाच दिशा नाही तसा पळत सुटतो, आवाज बदलतो, गिळता येत नाही म्हणून लाळ गळते, पुढे जबडा लोंबतो. काही कुत्री अजिबात अंगावर येत नाहीत, नुसती अंधारात जाऊन पडतात. ती जास्त घातक, कारण माणसं घशात हाड अडकलं समजून तोंडात हात घालतात.

सायली_नाशिक

काका, तुमचं लिहिलेलं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो आर्लिसचा प्रसंग परत लावून बघून आला आणि म्हणाला, दाखवू पूर्ण.

पण आता माझीच पंचाईत झालीय. शेरूचं कार्ड शोधलं. लहानपणी दोन इंजेक्शनं दिलेली दिसतात, पण शेवटची तारीख गेल्याच्या गेल्या वर्षीची आहे. आमच्या आधीच्या डॉक्टरांकडून आठवणीचा फोन यायचा, मग तो दवाखाना बंद झाला आणि आमच्याकडून राहूनच गेलं. शेरू तसा घरातच असतो. आता काय करायचं?

दुसरं, सासूबाई म्हणतात त्यांच्या चुलत भावाला पोटात चौदा इंजेक्शनं दिली होती, त्या आठवणीने त्या अजून शहारतात. ईशानला हे सांगितलं तर तो चावा लपवणारच की.

तिसरं, मला सिनेमात आईचं वागणं कळलं नाही. चावल्यावर लगेच गोळी घालायला निघालेली बाई नंतर एवढी थांबते कशी?

माधुरी_ऑस्टिन

सायली, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. आम्ही टेक्सासमध्ये राहतो आणि माझ्या लेकीला शाळेत ही कादंबरी होती.

फ्रेड गिप्सनची कादंबरी १९५६ ची. त्यात आई थांबत नाही. लांडगा मेल्यावर ट्रॅव्हिसला त्याच रात्री, तिथेच गोळी घालावी लागते. येलर तेव्हा जखमी असतो, पण पिसाळल्याचं काहीच लक्षण नसतं, आणि तो ट्रॅव्हिसकडे बघत असतो. सिनेमात कोठारातले दिवस वाढवलेत. पटकथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक स्वतः गिप्सन होता, म्हणजे हा बदल त्याच्या हातचाच आहे. मला सिनेमाचा मार्ग लहान मुलांसाठी जास्त सुसह्य वाटतो. येलर आजारी पडलेला डोळ्यांना दिसतो, त्यामुळे ट्रॅव्हिसने विनाकारण मारलं असं मुलाला वाटत नाही. पुस्तक वाचून माझी लेक ट्रॅव्हिसच्या आईवर चिडली होती. सिनेमा पाहून तसं झालं नाही.

गिप्सन मेसन गावाकडचा. ऑस्टिनहून गाडीने दोन-अडीच तास. लेकीच्या हट्टापायी आम्ही गेलो होतो. गावाच्या वाचनालयासमोर ट्रॅव्हिस आणि येलरचा ब्राँझचा पुतळा आहे. आजूबाजूचा प्रदेश म्हणजे ओकची खुजी झाडं, खडक, कोरडे ओढे आणि लांबच लांब कुंपणं. आपल्याकडे सांगली-जतच्या बाजूला जसं वाटतं तसं काहीसं. तिथे उभं राहिलं की कळतं, त्या काळी बाप कॅन्ससला गेलेला असताना पोरं-बाळं घेऊन राहणं काय असेल. सिनेमा मात्र इथला नाही, तो कॅलिफोर्नियात चित्रित केलाय.

डॉक्टरकाकांनी लशीचं लिहिलंय त्याला माझी एक भर. ज्या टेक्सासमध्ये येलरला मरावं लागलं, तिथे १९९५ पासून विमानातून लस टाकतात. खरंच. माशांच्या वासाचं आवरण असलेल्या छोट्या पुड्यांत तोंडावाटे द्यायची लस असते. कोल्ह्यासारखे दिसणारे कायोटी आणि करडे खोकड ती खातात आणि सुरक्षित होतात. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या पट्ट्यात हिवाळ्यात ही फेरी असते. त्यामुळे इथल्या कायोटींमधली आणि कुत्र्यांमधली त्या प्रकारची साथ आटोक्यात आली. वटवाघळं आणि स्कंक (घाण वास सोडणारा इथला छोटा रानटी प्राणी) यांच्यात रोग अजून आहे, त्यामुळे पाळीव कुत्र्याला लस इथे कायद्याने सक्तीची आहे. ईशानला विमानाचं हे नक्की सांग. माझ्या लेकीला सिनेमानंतर सगळ्यात जास्त याचंच समाधान झालं होतं. तिने चित्रही काढलं, वरून पुड्या पडताहेत आणि खाली येलर तोंड उघडून बसलाय.

गुरांचे_डॉक्टर

माधुरीताई, विमानाची माहिती फार चांगली दिलीत.

सायलीताई, शेरूला उद्याच न्या. रविवारची वाट बघू नका. तारीख उलटली म्हणून सगळं वाया गेलं असं नाही, एक डोस दिला की चालतं आणि पुढे दर वर्षी. पिल्लाला पहिली लस तीन महिन्यांची झाल्यावर, मग बूस्टर, मग वार्षिक, असा क्रम असतो. डॉक्टरांकडून बाटलीवरचं लेबल कार्डावर चिकटवून घ्या, त्यावर लशीचं नाव, बॅच आणि मुदत असते. आठवणीचा फोन येवो न येवो, ईशानच्या वाढदिवसाला शेरूची लस, असं ठरवून टाका म्हणजे विसरणार नाही. आणि “घरातच असतो” यावर जाऊ नका. भिंतीवरून मांजर येतं, फाटकाच्या फटीतून बाहेरचं कुत्रं नाकाला नाक लावतं. त्या वस्तीवरची गायसुद्धा गोठ्यातच बांधलेली होती.

सासूबाईंना सांगा, त्यांची आठवण खरी आहे. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवायचे. हिमाचलातल्या कसौलीला डेव्हिड सेंपल या डॉक्टरने ती १९११ मध्ये तयार केली आणि आपल्या दोन-तीन पिढ्यांनी ती पोटात घेतली. दुखायची, सुजायची, कधी कधी त्या लशीनेच मज्जासंस्थेला त्रास व्हायचा. २००५ च्या सुमारास ती आपल्या देशात बंद झाली. आता दंडाला देतात. सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी त्वचेत द्यायची पद्धत आहे: चावल्याचा दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेभोवती वेगळं सीरमही (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं) भरतात, ते टाळायचं नाही. पण सगळ्यात आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून पंधरा. मिरचीपूड, हळद, चुना काही भरायचं नाही. आमच्याकडे अजून तिखट भरतात, आणि त्या आगीने पोरं किंचाळतात ते बघवत नाही. अशाने पुढच्या वेळी ते पोर सांगेल का?

एक घोटाळा सगळीकडे होतो, तोही इथेच लिहून ठेवतो. “कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा” म्हणतात, ते चावणाऱ्या कुत्र्यासाठी. लाळेत विषाणू आला असेल तर तो कुत्रा त्या दहा दिवसांत आजारी पडतो किंवा मरतो. पण येलरसारखा, ज्याला दुसऱ्याने चावलंय, त्याला दहा दिवसांचा हिशेब लागू नाही. त्याच्यात रोग महिन्यांनीही उमटू शकतो. लोक दहा दिवस बघतात, कुत्रा बरा दिसतो, सोडून देतात. आज लांडग्याने किंवा भटक्या कुत्र्याने आपल्या कुत्र्याला चावलं, तर जखम धुवून लगेच दवाखाना गाठायचा, त्यालाही ०, ३, ७, १४, २८ अशी लस देतात. आणि माणसाने दहा दिवस संपायची वाट न बघता पहिली लस त्याच दिवशी घ्यायची. कुत्रा दहा दिवसांनी ठणठणीत राहिला तर पुढचे डोस थांबवायचे का, ते डॉक्टर ठरवतील.

अनिकेत_डोंबिवली

काका, कान टोचलेत. आमच्या थोरलीला आम्ही आधी काहीच सांगितलं नव्हतं, हे खरं आहे. आता ती बारा वर्षांची आहे, या सुट्टीत पुन्हा एकत्र बघू. लॅसीबद्दलचं मत मात्र कायम.

सायली_नाशिक

सगळ्यांना कळवायला आले. शेरूला शुक्रवारी लस दिली, ईशान स्वतः बरोबर आला, पट्टा त्याने धरला. रविवारी सिनेमा पूर्ण पाहिला. सासूबाईही बसल्या.

मी इंग्रजी संवाद मराठीत सांगत होते, पण रानडुकरांच्या भागानंतर त्याने मला गप्प बसायला सांगितलं. आई येलरची जखम शिवते तेव्हा तो माझ्या हाताला धरून होता. शेवटी रडला. खूप रडला. आश्चर्य म्हणजे त्याचा पहिला प्रश्न येलरबद्दल नव्हता. त्याने विचारलं, “रोझसाठी कुणीच कसं रडलं नाही? ती पण आजारीच होती ना?” मला उत्तर सुचलं नाही. सासूबाई म्हणाल्या, “अरे, घरात दुधाची गाय गेली की बाई रडतेच. सिनेमावाल्यांनी दाखवलं नाही.” त्या स्वतः शेतकऱ्याच्या घरातल्या. मग त्यांनी त्यांच्या माहेरच्या गायीची गोष्ट सांगितली, आम्हा कुणाला ती माहीत नव्हती. नंतर शेवटी घरी आलेला बाप ट्रॅव्हिसला काय सांगतो ते ईशानने परत लावायला सांगितलं.

शेरूला घाबरलेला नाही. काल हाडावरून गुरगुरला तर मागे सरला आणि मला म्हणाला, “हे बोलणं आहे.” काका, तुमचे शब्द.

आता पुढचं. मामाने फोनवर त्याला सांगितलं की या सिनेमाचा पुढचा भाग पण आहे, येलरच्या पिल्लाचा. आता तो लावायचा हट्ट आहे. माधुरी, तू पाहिलायस का? दाखवू?

माधुरी_ऑस्टिन

‘सॅव्हेज सॅम’, १९६३. पाहिलाय. ट्रॅव्हिस आणि आर्लिस झालेली तीच दोन मुलं त्यात आहेत, मोठी झालेली, आणि सॅम हा येलरचा मुलगा. सॅम मरत नाही, त्या बाबतीत निश्चिंत राहा. पण गोष्ट अशी की अपाची लोक दोन्ही भावांना आणि शेजारच्या लिझबेथला पळवून नेतात आणि कुत्रा माग काढत मोठ्यांना घेऊन जातो. अपाचींना त्यात नुसतं क्रूर दाखवलंय. ती माणसं कोण, त्यांची जमीन कुणी घेतली, ते का लढत होते, याचा एक शब्द नाही. आठव्या वर्षी ईशानला अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची पहिली ओळख अशी व्हावी असं मला वाटत नाही. शिवाय सिनेमा म्हणूनही पहिल्याच्या जवळपास येत नाही.

मी लेकीला दाखवला नाही. आता ती चौदाची आहे आणि शाळेत तो इतिहास शिकलीय, आता बघितला तर हरकत नाही. ईशानला या रविवारी अनिकेतने सांगितलेली लॅसी लाव. ती डीव्हीडी मिळाली नाही तर मला कळव, डिसेंबरात मी पुण्याला येतेय, घेऊन येईन.